रीफ टँकसाठी पाणी कोणतं? मशीन विकण्याआधी मीटर बुडवा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर पाच ग्लास ठेवले होते. पाचही ग्लासांत पाणी, पाचही दिसायला सारखंच स्वच्छ. मग एकेका ग्लासात टीडीएस मीटर बुडवला. बोअरचं पाणी ११२०. नळाचं २९०. जारचं ८५. एका घरच्या आरओचं १४०. आणि शेवटचा ग्लास, शून्य. व्हिडिओ छोटा होता, त्यामुळे या पाच आकड्यांमागचा हिशोब पूर्ण सांगता आला नाही. तो आज इथे लिहितो. विषय समुद्री ॲक्वेरियमच्या पाण्याचा आहे, पण ज्याला कुठलंही मशीन विकायचंय त्याने वाचावा, कारण यात माझी एक महागातली चूक आहे.

माझी चूक आधी सांगतो

माझं दुकान जालन्यात आहे. ॲक्वेरियम आणि पाण्याचे फिल्टर, दोन्ही विकतो. दोनेक वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टर आले. त्यांना रीफ टँक करायचा होता, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ एकत्र. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण १६० लिटर. त्यांनी विचारलं, "दादा, पाणी कोणतं वापरायचं?"

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "डॉक्टरसाहेब, घरी आरओ बसवा. माणसाला चालतं ते माशाला चालणार नाही का?"

आरओ विकला, फायदा झाला, मी खूश. तीन महिन्यांनी डॉक्टर मोबाईलमध्ये फोटो घेऊन आले. काचेवर तपकिरी थर, दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ, आणि मुंबईहून बिलासहित आणलेले मऊ प्रवाळ मिटून बसलेले. दोन तर गळूनच गेले होते. मासे मात्र ठीक. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागतं.

मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. बोअरचं पाणी अकराशेच्या पुढे. आरओच्या नळातून येणारं पाणी १४०. मशीन बिघडलेलं नव्हतं. पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू उघडा ठेवलेला होता. म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळलं जात होतं. वर मिनरल कार्ट्रिज. पिण्यासाठी हे सगळं बरोबर होतं. चूक माझी, कारण मी गिऱ्हाईकाचं काम न विचारता वस्तू विकली होती.

प्रवाळाला पाणी इतकं कोरं का लागतं?

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राईव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा अरबी समुद्र दारातच होता. आपल्या जालन्यात समुद्र पिशवीतून येतो. समुद्री मिठाचं मिश्रण मिळतं, ते पाण्यात विरघळवायचं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार झाले की समुद्राइतका खारेपणा येतो. त्या मिश्रणात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं मोजून टाकलेलं असतं. पण ते कोरं पाणी गृहीत धरून. तुमच्या पाण्यात आधीच कॅल्शियम असेल तर सगळं माप चुकलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टँकमधून रोज पाण्याची वाफ होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. पाणी थंड ठेवायला वर पंखा लावला की १६० लिटरच्या टँकमधून रोज तीन लिटर सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार खालीच राहतात. मग आपण वरून रोज तीन लिटर भरतो. त्यात जे काही असेल ते टँकमध्ये साठत जातं, बाहेर पडत नाही.

उदाहरण घ्या. शेतीपट्ट्यातल्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेट असणं नवीन नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. धरा, तुमच्या बोअरमध्ये ६० आहे. नायट्रेट अडवण्यात आरओ मेम्ब्रेन तशी कच्चीच, त्यामुळे सात-आठ तरी पलीकडे जातं. रोज तीन लिटर म्हणजे महिन्याला ९० लिटर, त्यातून सुमारे ६३० मिलिग्रॅम नायट्रेट. १६० लिटरच्या टँकमध्ये महिन्याला चारने वाढ, आणि तीही माशांची विष्ठा न धरता. माणसाला सात काहीच नाही. पण टँकमध्ये ते साठतं आणि शेवाळाला खत मिळतं.

तिसरी गोष्ट सिलिका. आपली सगळी जमीन बेसाल्टची, काळ्या पाषाणाची. या खडकातून मुरलेल्या पाण्यात सिलिका असते. काचेवरचा तो तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि डायटमला अंगावरचं कवच बनवायला सिलिकाच लागते. डॉक्टरांच्या काचेवर तेच होतं.

पर्याय एकेक करून तपासू

*जारचं पाणी.* २० लिटरचा जार दारात येतो, सोयीचं आहे. पण आज ८५ आणि पुढच्या आठवड्यात १५० अशी तऱ्हा. तो माणूस पिण्यासाठी विकतोय, टँकसाठी नाही. त्याला दोष देऊ नका.

*एसीचं पाणी.* बरेच जण म्हणतात, ही वाफ थंड होऊन आलेली, म्हणजे शुद्धच. मीटरवर आकडा कमी येतो हे खरं. पण ते पाणी कॉइलवरून घरंगळत येतं आणि कॉइलमध्ये बहुधा तांबं असतं. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं अगदी थोडं असलं तरी मारक. हे पाणी वापरू नका.

*इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी.* आणीबाणीत एखादा कॅन, तोही मीटर लावून. रोजच्याला नको. बाटलीवर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल याची खात्री नसते.

*घरचा आरओ जसाच्या तसा.* वर वाचलंच.

*आरओ आणि त्यापुढे डीआय.* हाच पर्याय टिकतो. डीआय म्हणजे रेझिनचे बारीक मणी भरलेलं कार्ट्रिज. आरओमधून निसटलेले क्षार हे मणी पकडतात आणि पाणी शून्यावर आणतात.

डॉक्टरांना मी नवीन मशीन विकलं नाही. त्यांच्याच आरओवर मेम्ब्रेननंतर लगेच एक टी जोडला, कंट्रोलर आणि मिनरलच्या आधी. त्या लाईनवर डीआय कार्ट्रिज बसवलं. पिण्याचं पाणी पूर्वीसारखंच, टँकचं वेगळ्या नळाने. सामानाचे पैसे घेतले, मजुरी नाही. गेलेल्या प्रवाळांचे पैसे पुढच्या दोन सर्व्हिसमध्ये वळते केले. तेव्हापासून आजपर्यंत ते माझ्याकडेच येतात.

मशीन निवडताना काय बघायचं?

१. आधी प्रेशर. परदेशातल्या व्हिडिओत मशीन थेट नळाला जोडतात, कारण त्यांच्या नळाला भरपूर दाब असतो. आपलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा फूट उंचीला साधारण ४.३ पीएसआय दाब मिळतो. मशीनच्या पंचवीस फूट वर टाकी असेल तर जेमतेम ११ पीएसआय. आणि टीडीएस ११०० असलेलं पाणी मेम्ब्रेनवर उलटा जोर लावतं, मोटा हिशोब शंभर टीडीएसला १ पीएसआय. म्हणजे ११ मधून ११ गेले, हातात काय उरलं? बूस्टर पंप आपल्याकडे लागतोच. तो वेगळा विकायची वस्तू समजू नका, कोटेशनमध्येच धरा.

२. गाळ आणि कार्बन. आधी ५ मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, मग कार्बन. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीन मेम्ब्रेन खातं. हजाराची मेम्ब्रेन वाचवायला शे-दीडशेचा कार्बन वेळेवर बदला.

३. मेम्ब्रेनची क्षमता. ७५ जीपीडी म्हणजे पूर्ण दाबावर दिवसाला सुमारे २८५ लिटर. डॉक्टरांची गरज बघा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं म्हणजे १६ लिटर, आणि रोज उडणारं तीन लिटर. महिन्याला साधारण १६० लिटर. मग ४०० जीपीडीचं मशीन कशाला? मोठं मशीन विकायचा मोह होतो, मलाही होतो. आवरा.

४. दोन ठिकाणी मीटर. एक मेम्ब्रेननंतर, एक डीआयनंतर. एकच मीटर असेल तर दुखणं कुठे आहे ते कळत नाही.

५. एकदम जास्त पाणी काढा. मशीन बंद राहिलं की मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार थोडे मिसळतात. सुरू केल्यावर पहिले एक-दोन लिटर खराब येतात, ते डीआयमध्ये जाऊ देऊ नका. रोज तांब्याभर काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ड्रम भरा.

खरा खर्च मशीनचा नाही, रेझिनचा

बीबीएला असताना कॉस्टिंगच्या तासाला मी मागच्या बाकावर असायचो. आता तेच रोज लागतं. वही घ्या आणि माझ्याबरोबर आकडे मांडा.

एक लिटर रेझिन साधारण २० ग्रॅम क्षार पकडतं असं धरू. महिन्याला पाणी १६० लिटर. रेझिनचा भाव लिटरला ५०० रुपये धरू.

- बोअर ११००, मेम्ब्रेन नवी, ९६ टक्के क्षार अडवते. पलीकडे ४४. महिन्याला ७ ग्रॅम. एक लिटर रेझिन जवळपास तीन महिने. खर्च महिन्याला सुमारे १७५ रुपये.
- तोच बोअर, मेम्ब्रेन जुनी, ९० टक्के. पलीकडे ११०. महिन्याला साडेसतरा ग्रॅम. रेझिन महिनाभरात संपलं. खर्च ४४० रुपये.
- नळाचं पाणी ३००, मेम्ब्रेन नवी. पलीकडे १२. एक लिटर रेझिन दहा महिने. खर्च पन्नासच्या आसपास.

मशीन तिन्हीकडे एकच. फरक पाण्याचा आणि मेम्ब्रेनच्या तब्येतीचा. जुन्या मेम्ब्रेनमुळे महिन्याला २६५ रुपये जास्त जातात. नवी मेम्ब्रेन १३०० ची धरली तर पाच महिन्यांत पैसे वसूल. तरी गिऱ्हाईक काय करतं? रेझिनच भरत बसतं, कारण रेझिन स्वस्त दिसतं. त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवणं, हे आपलं काम.

आता दोन गोष्टी मीटर सांगत नाही. पहिली, बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो मेम्ब्रेनमधून सरळ पलीकडे जातो आणि रेझिन खातो. त्यामुळे रेझिन वरच्या हिशोबापेक्षा लवकर संपू शकतं. उपाय सोपा आहे. आरओचं पाणी ड्रममध्ये घ्या, एअर पंप लावून एक दिवस ठेवा, मग डीआयमधून काढा. दुसरी, सिलिका. रेझिन भरत आलं की ते सगळ्यात आधी सिलिका सोडतं, आणि सिलिका टीडीएस मीटरवर जवळपास दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो आणि काच तपकिरी होते. म्हणून आकडा १ व्हायची वाट बघू नका. रंग बदलणारं रेझिन घ्या, पाऊण कार्ट्रिजचा रंग बदलला की बदलून टाका.

उन्हाळा आला की पाणी बदलतं

जालन्याला नळाचं पाणी जायकवाडीहून आणि घाणेवाडीच्या तलावातून येतं. ते रोज येत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको. हिवाळ्यात नळ, मार्चमध्ये बोअर, मेमध्ये टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते चालकालाच माहीत. गिऱ्हाईकाच्या घरी जानेवारीत मीटर लावून "रेझिन दहा महिने चालेल" असं सांगून आलात, तर मेमध्ये तोंड लपवावं लागेल. मी प्रत्येक गिऱ्हाईकाला एकच सवय लावतो: टाकीत नवीन पाणी पडलं की मीटर बुडवायचा आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. दूधवाल्याचे खाडे लिहितो ना, तसंच.

वाया जाणाऱ्या पाण्याचं काय?

हा प्रश्न गिऱ्हाईकाने विचारला नाही तरी आपण काढायचा. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. महिन्याला १६० लिटरसाठी ४८० लिटर. ज्या जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तिथे हौसेसाठी एवढं पाणी गटारात सोडणं मला पटत नाही.

पाण्याचा रेशो कमी करायला वाल्व्ह आवळणारे भेटतील. आपल्या जड पाण्यात ते करू नका, मेम्ब्रेनवर चुना बसतो आणि मेम्ब्रेन जाते. त्यापेक्षा पाणी साठवा. बोअर ११०० असेल तर बाहेर पडणारं पाणी साडेचौदाशेच्या घरात असतं. फरशी, संडास, गाडीचा पहिला हात, सगळ्याला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारट होते. मी मशीनबरोबर २०० लिटरचा ड्रम आणि पाइप घेणं सक्तीचं केलंय. ड्रमला जागा नाही म्हणणाऱ्याला मशीन देत नाही. दोन गिऱ्हाईकं गेली यात. जाऊ द्या.

मग धंदा कशात आहे?

खरं सांगतो, जालन्यात रीफ टँकवाले बोटांवर मोजण्याइतके. मशीन विकून घर चालणार नाही. मी पाणी विकतो. दुकानात एक चांगलं युनिट, लिटरला ५ रुपये. ज्याचा टँक छोटा आहे, महिन्याला ६० लिटर लागतं, त्याचे होतात ३०० रुपये. त्याने ११ हजारांचं मशीन घेतलं तर नुसती किंमत वसूल व्हायला तीन वर्षं. त्याला मी मशीन घेऊ नका म्हणतो. ज्याला १६० लिटर लागतं त्याचे ८०० होतात. त्याचा रेझिन-फिल्टरचा घरखर्च सव्वातीनशे धरला तरी दोन वर्षांत मशीन फिटतं. त्याला मशीन. दोघांचंही भलं आणि दोघंही माझेच.

कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा: "पिण्यासाठी नाही." पिण्याचं पाणी विकायचे परवाने वेगळे असतात, त्यात पाय घालू नका.

आणि एक कायद्याची गोष्ट, ही हलक्यात घेऊ नका. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, सी फॅन हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात २०२० साली वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या फक्त १८ वसाहती हलवायच्या होत्या. त्यासाठी महापालिकेलासुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ लागले. मग कुणी "भाऊ, किनाऱ्यावरून आणलेला माल आहे, बिल नाही" म्हणाला, तर त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नका. दगडसुद्धा कृत्रिम किंवा सिरॅमिकचेच ठेवा. गिऱ्हाईकाला मासे आणि कागदपत्रं असलेले मोजके मऊ जीव यावरच थांबवा. प्रवाळ न ठेवता नुसते समुद्री मासे ठेवले तरी टँक देखणा होतो, आणि पाण्याची चूकही थोडी खपून जाते.

या आठवड्याचा गृहपाठ

एक टीडीएस मीटर घ्या, चारपाचशेत येतो. तुमच्या भागातलं पाच प्रकारचं पाणी मोजा: नळ, बोअर, टँकर, जार, घरचा आरओ. तारीख टाकून वहीत लिहा. हेच दर महिन्याला, वर्षभर. वर्षाच्या शेवटी तुमच्या गावच्या पाण्याचा जो तक्ता तुमच्याकडे असेल, तो मोठ्या शहरातल्या कुठल्याही डीलरकडे नसेल. ॲक्वेरियम असो, सोलरचं गरम पाणी असो, वॉशिंग मशीनची सर्व्हिस असो, तो तक्ता कामाला येईल.

डॉक्टरांच्या टँकमध्ये आता क्लाऊन माशांची जोडी आहे. मागच्या महिन्यात त्यांनी अंडी घातली. डॉक्टरांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: "दादा, आजचा आकडा शून्य." तो फोटो मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. नवीन गिऱ्हाईक आलं आणि मशीनची किंमत विचारू लागलं, की माझी नजर आधी त्यावर जाते, आणि मी विचारतो: "साहेब, किंमत सांगतो. आधी सांगा, पाणी कुठलं आहे?"

पुढच्या व्हिडिओत सर्व्हिस कार्ड कसं बनवायचं ते बघू. तोपर्यंत मीटर बुडवत राहा.